तडा गेलेली तबकडी

आमच्या मिरजेच्या घरी चावीचा फोनो होता आणि बाबांनी जमवलेल्या तीसेक तबकड्या. त्यांतल्या एकीला तडा गेलेला. केसाएवढाच, पण कडेपासून मधल्या लेबलापर्यंत सरळ. मी पाच-सहा वर्षांची असताना दादाच्या हातून ती फरशीवर पडली होती. दोन तुकडे कसे झाले नाहीत याचं सगळ्यांनाच नवल वाटलं, कारण त्या वेळच्या तबकड्या लाखेच्या, काचेसारख्या फुटायच्या. बाबा दादाला काही बोलले नाहीत. त्यांनी तबकडी खिडकीच्या उजेडात धरली, तड्यावरून बोट फिरवलं, फोनोवर चढवली, नवी पिन लावली आणि थोड्या वेळाने म्हणाले, "वाजतेय की."

वाजत होती. फक्त दर फेऱ्याला पिन तड्यावरून गेली की 'टक्' व्हायचं. ७८ फेऱ्यांची तबकडी, म्हणजे मिनिटाला ७८ वेळा टक्. एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं मावायचं, तेवढ्यात ही टक् अडीचशेच्या आसपास वेळा ऐकू यायची. तडा आरपार गेलेला, त्यामुळे तबकडी उलटली तरी सुटका नाही.

त्या तबकडीवर एका बाजूला आशाबाईंचं 'गोरी गोरी पान' होतं आणि दुसऱ्या बाजूला 'एका तळ्यात होती'. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, म्हणजे गदिमांचे, चाली श्रीनिवास खळ्यांच्या. १९५२ साली निघालेली ही खळ्यांची पहिली तबकडी, हे मला फार उशिरा कळलं. एका चित्रपटासाठी केलेली ही दोन गाणी त्या चित्रपटात आलीच नाहीत. तबकडीवर आली, आणि तिथून मराठी घराघरांत गेली. आमच्या घरी त्यांचं नाव 'टकटकवालं गाणं' असं होतं.

लहानपणी मी फोनोच्या शेजारी मांडी घालून बसायची आणि गाण्याबरोबर ती टकटकही ऐकायची. ती ठेक्यात नसायची. सुरुवातीला मात्रेच्या जरा मागे पडायची, मग हळूहळू सरकत सरकत कधीतरी बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायची, आणि पुन्हा निसटायची. ती समेवर यायची त्या क्षणाची मी वाट बघत असे. गाणं आपल्या चालीने जातंय, टकटक आपल्या चालीने, आणि मधेच दोघं एकमेकांना भेटतात. लय म्हणजे काय हे मला पुढे कुणी शिकवलं असेल नसेल, पण पहिला धडा त्या तड्याने दिला. पुढे एकदा सांगली आकाशवाणीवर तेच गाणं लागलं, स्वच्छ, बिनटकटकीचं, तर मी आईला विचारलं होतं, "यातलं काहीतरी राहिलंय का गं?"

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमचा बायकांचा गाण्याचा गट. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पेटी शिकायला लागले. आता चौथं वर्ष चालू आहे. सोसायटीतल्या सात जणी दर बुधवारी दुपारी जमतो. त्या गातात, मी साथ करते. कोजागिरीला जुन्या भावगीतांचा कार्यक्रम करायचा असं जूनमध्ये ठरलं, आणि पहिलं नाव निघालं 'श्रावणात घननिळा बरसला'. मंगेश पाडगावकरांचं गीत, खळ्यांची चाल, लताबाईंचा आवाज. प्रत्येकीला तोंडपाठ. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "हे एक होऊन जाईल पटकन, वेळ बाकीच्यांना द्या."

मी नोटेशन लिहायला बसले. धृपद उतरवलं. पहिला अंतरा उतरवला. आपल्या गाण्यांची नेहमीची रीत अशी की एका अंतऱ्याची चाल बसली की पुढचे अंतरे त्याच चालीत म्हणायचे, शब्द तेवढे बदलायचे. म्हणून मी वहीत पुढे नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहून टाकलं. संध्याकाळी ऐकत ऐकत पेटीवर बोटं फिरवली आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या पहिल्याच ओळीला बोटं चुकली. पुन्हा लावलं. पुन्हा चुकली. मग शांतपणे एकेक शब्द थांबवून ऐकलं. दुसऱ्या अंतऱ्याची चाल वेगळी होती. त्याच्या पुढची आणखी वेगळी. प्रत्येक अंतरा निराळ्या दाराने घराबाहेर पडतो, निराळ्या रस्त्याने हिंडतो आणि धृपदाच्या उंबऱ्यावर मात्र असा येऊन उभा राहतो की तो कुठे जाऊन आला हे आपल्याला जाणवतही नाही.

चाळीसेक वर्षं मी हे गाणं ऐकत होते. स्वयंपाक करताना, बसमध्ये, मुलांना झोपवताना. कितीदा गुणगुणले असेन. आणि अंतऱ्यांच्या चाली वेगळ्या आहेत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं! मी गुणगुणायची तेव्हा सगळ्या अंतऱ्यांना बहुधा एकच चाल लावत असणार.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. डोक्यात एकच. या माणसाने एवढं काम केलं आणि ते दिसू दिलं नाही. एखादा असता तर प्रत्येक वळणावर आपल्याला थांबवून दाखवलं असतं, बघा, इथे मी काय केलंय. खळ्यांनी ते श्रोत्याच्या नकळत त्याच्या कानात ठेवून दिलं. गाणं सोपं वाटतं म्हणून आपण ते जवळ करतो, आणि त्यात एवढं भरलेलं असतं म्हणून ते जुनं होत नाही. शंभराव्या वेळीही काहीतरी नवीन सापडतं. माझ्या बाबतीत तर ते चाळीस वर्षांनी सापडलं.

'जुनं ते सोनं' असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. मी रेडिओवर वाढलेली मुलगी आहे. तेव्हाही सुमार गाणी खूप लागायची, यमकाला यमक जुळवलेली, एकाच साच्यातली. ती आज कुणाला आठवत नाहीत, एवढंच. काळाने चाळणी लावली. माझं कुतूहल चाळणीत वर राहिलेल्यांबद्दल आहे. ती का राहिली?

पहिलं कारण मला शब्द वाटतात. आमच्या शाळेच्या पुस्तकात ज्या कवींच्या कविता असायच्या, तीच नावं संध्याकाळी रेडिओवर ऐकू यायची. पाडगावकर, शांता शेळके, गदिमा. 'बगळ्यांची माळ फुले' ही वा. रा. कांतांची कविता, वसंतराव देशपांड्यांच्या आवाजात आम्ही ऐकली. आरती प्रभूंसारखा अवघड कवी 'ये रे घना' म्हणून आशाबाईंच्या गळ्यातून स्वयंपाकघरात यायचा, आणि सुरेश भटांच्या ओळी हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर बसून यायच्या. शांताबाईंच्या 'तोच चंद्रमा नभात'च्या मागे एक जुना संस्कृत श्लोक आहे, शीला भट्टारिका नावाच्या कवयित्रीचा. शेकडो वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या मनातली हुरहूर शांताबाईंनी मराठीत आणली, बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, ती यमन रागात गायली, आणि आमच्या शेजारचे शिंपीकाका मशीन चालवता चालवता ती म्हणायचे. त्यांना ना श्लोक माहीत होता, ना यमन. त्यांचं काही अडलं नाही.

आणि रेडिओवर नावं सांगायचे. गीत अमुक, संगीत तमुक, गायिका अमुक. त्या क्रमाने, शांतपणे, प्रत्येक गाण्याला. मला कवींची नावं पाठ झाली ती अशी. आता मोबाइलवर गाणं लावलं की गायकाचं नाव ठळक दिसतं, कवीचं नाव शोधावं लागतं, कधी सापडतच नाही. हे मला मनापासून लागतं. ज्याने ते वाक्य पहिल्यांदा मनात घोळवलं, त्याचं नाव आधी यायला हवं.

आईची एक वही माझ्याकडे आहे. आई पुण्याची. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. दर आठवड्याला एक नवं गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला, म्हणून गाण्यांची संख्या ५६ झाली असं सांगतात. गदिमा लिहीत होते, बाबूजी चाली बांधत होते, आणि गाणारे कितीतरी होते, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, खुद्द बाबूजी. आई रेडिओपाशी पेन्सिल घेऊन बसायची आणि ऐकता ऐकता शब्द उतरवायची. गाणं थोडंच तिच्यासाठी थांबणार! जो शब्द निसटला त्याच्यासाठी ती वहीत तेवढीच मोकळी जागा सोडायची. पुन्हा कधी ते गाणं लागलं की त्या जागा भरायच्या. वही उघडली की आजही दिसतं, पेन्सिलीतल्या ओळी आणि मधे मधे नंतर शाईने भरलेले शब्द. दोन-तीन जागा मोकळ्याच राहिल्यात. छापील पुस्तक पुढे घरात आलं, तरी तिने ते बघून त्या जागा भरल्या नाहीत. "ऐकून आलं तरच लिहायचं," म्हणायची.

एका गाण्याला एक आठवडा. सात दिवस तेच ओठांवर, तेच विहिरीवर, तेच शेजारणीशी बोलताना. आपण आता तासाभरात वीस गाणी ऐकतो, त्यांतलं प्रत्येक तीस सेकंदांत पुढे सरकवतो. ती गाणी चांगली नसतात असं माझं म्हणणं नाही. त्यांना आपण आठवडा देत नाही. कुठलं गाणं किती खोल आहे हे कळायला त्यात उतरावं लागतं, आणि उतरायला वेळ लागतो.

दुसरं कारण श्वास. हे मला पेटीच्या बाईंनी दाखवलं. 'श्रावणात घननिळा'चा घोळ मी त्यांना सांगितला तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, सूर नंतर लिही. आधी एकदा नुसता श्वास ऐक. लताबाई श्वास घेतील तिथे बोट टेकव." मी हेडफोन घातले, डोळे मिटले, बोट टेबलाच्या वर धरलं. पहिलं कडवं संपलं, बोट वरच. मला एकही श्वास ऐकू आला नाही. आवाज तर माणसाचा, छाती माणसाची, तर श्वास गेला कुठे? तिसऱ्यांदा ऐकताना शब्दांवर लक्ष ठेवलं तेव्हा अंदाज आला. जिथे अर्थ क्षणभर थांबतो तिथेच त्या श्वास घेतात, आणि तिथे तो घेतलाय हे कळत नाही, कारण आपणही तिथे मनातल्या मनात थांबलेलो असतो. श्वास कुठे घ्यायचा आणि माइकसमोर तो कसा लपवायचा हे संगीतकार अनिल विश्वासांकडून शिकल्याचं लताबाईंनी स्वतः सांगितलं आहे.

आमच्या गटात मग एक बुधवार आम्ही गायलोच नाही. नुसता कागद घेऊन ओळींवर खुणा केल्या, इथे श्वास, इथे नाही. आमच्यातल्या एकीला दम्याचा त्रास आहे, ती नेहमी ओळीच्या मधे तुटायची. खुणा करून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मला दम कमी पडत नव्हता, मी चुकीच्या जागी घेत होते." त्यानंतर ती ओळ तिने एका दमात म्हटली. आम्ही सगळ्या गप्पच झालो.

आता ज्यांची नावं रेडिओनेही सांगितली नाहीत त्यांच्याबद्दल. दोन कडव्यांच्या मधला पीस वाजवणारे लोक. व्हायोलिन, बासरी, सतार, मेंडोलिन. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं आणि सतारींचं गाव. शाळेच्या वाटेवर ती दुकानं लागायची, बाहेर भोपळे वाळत घातलेले असायचे, आत कुणीतरी तार लावत असायचं. तेव्हापासून गाण्यात सतार वाजली की मला ती बनवणारे हातही दिसतात. बहुतेक वादकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. प्रभाकर जोगांचं माहीत आहे, कारण त्यांचं व्हायोलिन खरोखरच गायचं. 'गाणारं व्हायोलिन' म्हणूनच लोक त्यांना ओळखायचे. बाबूजींच्या गाण्यांना त्यांची वर्षानुवर्षं साथ होती, आणि 'स्वर आले दुरुनी' या गाण्याची चालही त्यांचीच.

त्या वेळी गायक आणि वादक एकाच खोलीत बसायचे आणि गाणं सलग ध्वनिमुद्रित व्हायचं. शेवटच्या कडव्यात बासरीवाल्याची फुंक चुकली की सगळ्यांनी पहिल्यापासून. आता वेगवेगळे तुकडे घेऊन जोडता येतात, आणि त्यातही कसब आहे हे मला मान्य आहे. पण सगळे एकाच वेळी एका श्वासावर उभे असतात तेव्हा गाण्यात एक सावधपणा येतो, आणि तो ऐकू येतो. सगळ्यांचे कान एकमेकांकडे लागलेले असतात. पीस संपताना व्हायोलिन किंचित हळू होतं आणि गायिकेला जागा करून देतं, दारात समोरासमोर आल्यावर आपण बाजूला होतो ना, तसं.

माझी भाची एकोणीस वर्षांची आहे, पुण्यातच शिकते. कानात सतत काहीतरी चालू. ती काय ऐकते ते मला फारसं कळत नाही, पण ती मला ऐकवते आणि मी ऐकते. त्यात एक-दोन गाणी मला फार आवडली. ऑगस्टमध्ये ती राहायला आली होती तेव्हा मी अंतऱ्यांची अडचण घेऊन बसले होते. ती पलंगावर लोळत पडली होती. म्हणाली, "आत्या, पुन्हा लाव ना ते." मी लावलं. पीस संपत आला आणि अंतरा सुरू व्हायच्या आधीच तिने तो पीस गुणगुणला, अगदी सुरात. तिला गाण्याचा एक शब्द येत नव्हता. पीस आला, कारण तो चालीपासून वेगळा काढताच येत नाही. मग उठून बसली आणि म्हणाली, "प्रत्येक अंतरा वेगळा का केलाय?" तिला ते दुसऱ्या वेळी कळलं. मला किती वर्षं लागली ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू काम करता करता ऐकत होतीस ना. मी नुसती पडले होते."

मला हे पटलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की काम करता करता ऐकूनही जे चाळीस वर्षं सोबत राहिलं, ते किती टणक असेल.

कार्यक्रम झाला. गच्चीवर शंभरेक खुर्च्या, दुधाचं पातेलं, वर चंद्र. 'घननिळा' बरं झालं, एका ठिकाणी मी मागे पडले, काकूंनी ओळ लांबवून मला सांभाळून घेतलं. 'शुक्रतारा'ला समोरचे सगळे गायला लागले. अरुण दात्यांच्या ओळी पुरुषांनी उचलल्या, सुधा मल्होत्रांच्या बायकांनी, कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या रांगेत एक आजोबा हातवारे करून व्हायोलिनचा पीस म्हणत होते.

शेवटी लहान मुलं कंटाळली म्हणून कुणीतरी म्हणालं, त्यांच्यासाठी एखादं घ्या. ठरलेलं काहीच नव्हतं. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि मी न विचारता 'गोरी गोरी पान' सुरू केलं. वहीची गरज नव्हती. पहिल्या रांगेतली एक चार वर्षांची मुलगी उठून गोल गोल फिरायला लागली. तिच्या आईला शब्द येत होते, आजीला येत होते.

दुसऱ्या कडव्याला माझं लक्ष माझ्या डाव्या पायाकडे गेलं. अंगठा सतरंजीवर ताल धरत होता, आणि तो गाण्याच्या ठेक्यात नव्हता. जरासा मागे, मग थोडा पुढे. मी तो थांबवला नाही. तिसऱ्या कडव्यात, धृपदावर येताना, तो बरोबर समेवर पडला.